सनावळ्यांबद्दल

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू वैतागून म्हणालास, "आई, इ.स.पू. ३२३, ३२२, नुसती माणसं मरतायत. पाठ तरी किती करायचं?" तेव्हा गॅसवर दूध होतं, नीट बोलता आलं नाही. पण ते मनातून जाईना.

अरे, ती मरणं सुटी सुटी नाहीत. जून ३२३ मध्ये बाबिलोनला सिकंदर तापाने गेला. तेहतीस वर्षंही पूर्ण नव्हती. तिथले ज्योतिषी आकाशाच्या नोंदी मातीच्या पाट्यांवर ठेवत. त्यांतल्या एका पाटीवर 'राजा मरण पावला' एवढंच आहे, आणि लगेच ढगांचा उल्लेख. ती पाटी आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ग्रीसपासून आपल्या बियासपर्यंत आलेल्या माणसाला तिथे एवढीच जागा मिळाली.

ग्रीक तत्त्वज्ञ डायोजिनीसही त्याच दिवशी गेला असं जुने लोक सांगत. मला ते नंतर कुणीतरी जुळवलेलं वाटतं. त्यात अडकू नकोस.

खरं बघायचं ते ॲरिस्टॉटल आणि डेमॉस्थेनीसकडे. दोघांचा जन्म ३८४चा, मृत्यू ३२२चा. एक सिकंदराचा गुरू, दुसरा सिकंदराच्या मॅसेडोनियाविरुद्ध जन्मभर बोललेला अथेन्सचा वक्ता. सिकंदर गेल्याची बातमी आली आणि अथेन्स मॅसेडोनियाविरुद्ध उठलं. परागंदा झालेल्या डेमॉस्थेनीसला मानाने परत आणलं. ॲरिस्टॉटलवर मात्र देवांच्या अपमानाचा आरोप आला आणि तो काल्किसला, आईच्या माहेरच्या गावी निघून गेला. पुढच्या वर्षी क्रॅननच्या लढाईत अथेन्स मॅसेडोनियाकडून हरलं. मग त्याच अथेन्सने डेमॉस्थेनीसला देहदंड ठरवला! तो कलौरिया बेटावर पोसायडनच्या देवळात शिरला. पकडायला माणसं आली तेव्हा, घरी चार ओळी लिहितो म्हणाला आणि बोरूचं टोक चावत बसला. विष त्या बोरूतच होतं, असं जुना चरित्रकार प्लुटार्क सांगतो. त्या घरच्यांना काय लिहिलं असतं त्याने, हा विचार मला सोडत नाही.

ॲरिस्टॉटलचं मृत्युपत्र मात्र आपल्यापर्यंत पोचलंय. त्यात तत्त्वज्ञान नाही रे. मुलीच्या लग्नाची, लहान मुलाची काळजी आहे. ज्या दासांनी माझी सेवा केली त्यांना विकू नका, म्हणतो. आणि बायको पिथियासच्या अस्थी, तिच्याच इच्छेप्रमाणे, माझ्याजवळ ठेवा. ते वाचताना मी चष्मा काढून ठेवला.

सुट्टीत आलास की नकाशा काढू. काल्किस अथेन्सच्या उत्तरेला सापडेल. कलौरियाला आता पोरोस म्हणतात, ते दक्षिणेला, समुद्रात.

जेवण वेळेवर घे.

तुझी,
आई