'किती पळालीस?' विचारणाऱ्या कंडक्टर भाऊंना

कंडक्टर भाऊ, नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. बिल्ल्यावरचा नंबर तेव्हा वाचायला हवा होता, राहून गेला. डिसेंबरातला शनिवार, संध्याकाळी वाकडेवाडीहून सुटलेली पुणे-नाशिक गाडी, मरून टी-शर्टातल्या बारा मुली, एक मॅडम, एक सर आणि पिशवी छातीशी धरून त्यांच्या मागे चढलेला एक म्हातारा. एवढ्या खुणेवर तुम्हाला ती रात्र आठवेल. तो म्हातारा मी. नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालो, आता गंगापूर रोडला मुलाकडे राहतो. त्या मुलींशी माझं नातं एवढंच, की त्या खो-खो खेळतात आणि मी बघतो.

पत्र लिहायला उशीर झाला. दोनदा लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा डोळे भरून आले, म्हणून ठेवून दिलं.

त्या रात्री तुमच्या गाडीत कोण बसलं होतं ते आधी सांगतो. जुलैपासून मी रोज सकाळी त्या कॉलेजच्या मैदानाला फेऱ्या मारायला जातो. पहिल्या दिवशी मैदानावर चिखल होता. काळी माती, पाऊल टाकलं की घोट्यापर्यंत आत. तरी मुलींनी दोन खांबांच्या मधली पाटी आखून घेतली होती. फक्की नव्हती, म्हणून वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातून चुलीची राख आणली होती. पावसाची सर आली की राख वाहून जायची, सर थांबली की पुन्हा कुणीतरी ओंजळीने रेघ ओढायची. सगळ्या अनवाणी. मी फेऱ्या सोडल्या आणि कट्ट्यावर बसलो, तो डिसेंबरपर्यंत बसलोच.

बहुतेक मुली सुरगाणा, पेठ, दिंडोरीकडच्या. नावं मी कुणाची विचारली नाहीत. परक्या माणसाने मुलींची नावं विचारत बसू नये असं मला वाटतं. पाठीवरच्या नंबरानेच त्यांना ओळखायला लागलो. चार नंबर खांबावर सूर मारायची तेव्हा माझ्याच पोटात गोळा यायचा. अकरा नंबर खो इतका उशिरा द्यायची की सर डोक्याला हात लावायचे, पण तोवर पळणारी फसलेली असायची. आणि सात नंबर. तिच्यासारखी पळती मी लहानपणी निफाडला पाहिली होती, त्यानंतर आत्ताच. गोलातून साखळीत, म्हणजे बसलेल्या मुलींच्या मधून नागमोडी, साखळीतून परत गोलात, आणि अंगाला हात लागतोय असं वाटलं की कमरेत अशी वळायची की पाठलाग करणारीचा तोल जायचा. तिच्या श्वासाचा आवाज कट्ट्यापर्यंत यायचा नाही.

२०२५ च्या जानेवारीत दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला. कप्तान प्रियंका इंगळेच्या भारतीय महिला संघाने अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. ह्या मुलींनी तो सामना वसतिगृहात एका मोबाईलभोवती गोल करून पाहिला होता, हे मला त्यांनीच नंतर सांगितलं. त्या विजयानंतर इथेही भाषणं झाली म्हणे. मॅट येईल, बूट येतील, रोज अंडी मिळतील. ज्यांनी हे सांगितलं त्यांची नावं मी लिहीत नाही. जुलै गेला, गणपती गेले, दिवाळी गेली. बूट आले नाहीत. सरांनी स्वतःच्या खिशातून सहा जोड घेतले, तेवढेच. बारा मुलींत सहा जोड. आत जाणारी बाहेर आलेलीचे बूट घालायची, मापाचा प्रश्नच नव्हता.

तरी त्या नाशिक विभागात पहिल्या आल्या. अंतिम सामना मी उभा राहून पाहिला. दोन गुणांनी जिंकल्या, आणि शेवटचा गडी टिपला तेव्हा माझ्या बाजूला उभ्या असलेल्या चहावाल्या मावशींनी हातातली किटली खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. ह्या मावशी हंगामभर मुलींच्या दप्तरांवर लक्ष ठेवायच्या, एक पैसा न घेता. दुसऱ्या दिवशी गेटवर अभिनंदनाचा फ्लेक्स लागला. वर मोठमोठे चेहरे, ज्यांना मी त्या मैदानावर एकदाही पाहिलं नव्हतं. मुलींचे फोटो तळाशी एका ओळीत, पोस्टाच्या तिकिटाएवढे, आणि त्यातही सात नंबर कडेला अर्धी कापली गेलेली. तो फ्लेक्स बघून मला जो संताप आला तो अजून उतरलेला नाही.

मग आंतरविभागीय स्पर्धा, पुण्याला. माझी मुलगी चिंचवडला असते, म्हणून मीही गेलो. शुक्रवारी दोन सामने होते. मुलींनी दोन्ही जिंकले. आणि जिंकल्याचीच त्यांना शिक्षा झाली. कारण पाठवणाऱ्यांनी गाडी एकाच दिवसाची ठरवली होती. ह्या पोरी दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतील असं त्यांना वाटलंच नव्हतं. ड्रायव्हर बिचारा संध्याकाळी हात जोडून रिकामी गाडी घेऊन परत गेला. फोनवर सरांना उत्तर मिळालं, "बघा आता तुमचं तुम्ही." हे वाक्य मी स्वतः ऐकलं, फोन स्पीकरवर होता. मुली पण ऐकत होत्या.

शनिवारी उपांत्य सामना. पुण्याचा संघ चांगला होता, सगळ्यांच्या पायात बूट, सोबत दोन-दोन प्रशिक्षक. तरी आपण शेवटपर्यंत बरोबरीत होतो. दुसऱ्या डावात सात नंबर पहिल्याच तुकडीत पळायला उतरली. तिच्या सोबतच्या दोघी लवकर बाद झाल्या. आता आत ती एकटीच, आणि ही पळतेच आहे. समोर नऊ जणी, खो वर खो, आणि ही मधली पाटी ओलांडून हुलकावण्या देते आहे. मी घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं होतं. मग खांबाला वळसा घालताना तिचा घोटा मुरगळला. बूट तिचा नव्हताच, एक नंबर मोठा होता. ती खाली बसली आणि पाठीवर हात पडला.

शेवटच्या आक्रमणात आम्ही एका गुणाने कमी पडलो. ती बाहेर बसून बघत होती. शिट्टी झाल्यावर रडली नाही, बोलली नाही. पुढचे चार तास तिने तोंडातून शब्द काढला नाही.

त्या चार तासांत तिला जो भेटला त्याने एकच विचारलं, "हरलात का?" मैदानातून बाहेर पडताना एकाने विचारलं, रिक्षावाल्याने विचारलं, घरून फोन आला त्यांनीही तेच विचारलं. नाशिकहून ज्यांचा फोन यायला हवा होता त्यांचा आलाच नाही. स्टँडच्या बाहेर एका खासगी गाडीवाल्याने मुलींची अडचण ओळखून दुप्पट भाडं सांगितलं आणि वर म्हणाला, "परवडत नसेल तर कशाला येता एवढ्या लांब?" सरांनी उत्तर दिलं नाही. मला द्यायचं होतं, घशातून आवाज फुटला नाही.

आणि मग तुमची गाडी लागली.

जागा मोजून चार-पाच होत्या. सर चाचरत म्हणाले, बारा मुली आहेत, उभ्या राहतील. तुम्ही म्हणालात, "उभ्या कशाला, बघू, या आधी वर." पैशांचा विषय निघायच्या आत "मुलींचं अर्धं" म्हणून मशीनवर तिकिटं काढायला लागलात. २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट आहे हे सगळ्यांना माहीत आहे, पण मुली मागच्या सीटवर नाणी मोजत होत्या, आणि तुम्ही ते पाहून न पाहिल्यासारखं केलंत. कॉलेजातल्या दोन पोरांना पुढे सरकवून, एका आजोबांच्या मांडीवरचं बोचकं वर ठेवून नारायणगावपर्यंत तुम्ही सगळ्यांना टेकायला जागा करून दिलीत.

सात नंबर लंगडत चढली तेव्हा तुम्ही स्वतःच्या सीटवरची पेटी उचललीत. "इथं बस. पाय वर घे, लांब कर." स्वतः केबिनच्या दाराला पाठ लावून उभे राहिलात. आळेफाट्याला गाडी थांबली तेव्हा रसवंतीवरून रुमालात बर्फ बांधून आणलात आणि मॅडमच्या हातात दिलात. हे सगळं मोठंच आहे, भाऊ. पुण्यापासून नाशिक दोनशेच्या वर किलोमीटर, एवढं अंतर दिवसभराच्या ड्यूटीनंतर उभ्याने काढणं काय असतं ते मशीनवर उभं राहून नोकरी केलेल्या माणसाला कळतं. पण मी हे पत्र त्यासाठी लिहीत नाहीये.

चंदनापुरीचा घाट उतरल्यावर गाडीतले दिवे मालवलेले होते. बऱ्याच मुली एकमेकींच्या खांद्यावर झोपल्या होत्या. थंडी वाजायला लागली होती. सात नंबर जागी होती, खिडकीबाहेर बघत. तुमचं लक्ष तिच्या कोपराकडे गेलं असावं, तिथे माती आणि रक्त वाळून एक झालं होतं. तुम्ही वाकून हळूच विचारलंत,

"काय गं, खो-खो ना? किती पळालीस?"

ती तुमच्याकडे बघतच राहिली. मी बरोबर मागच्या सीटवर होतो, मला तिचा चेहरा काचेत दिसत होता. दिवसभरात हा प्रश्न तिला कुणीच विचारला नव्हता. मीही नाही. मी तिचा एवढा चाहता म्हणवतो, पण "जाऊ दे बाळा, हरजीत चालायचीच" एवढंच बोललो होतो.

"दोन चाळीस," ती म्हणाली.

"दोन मिनिटं चाळीस सेकंद? आणि समोर कोण?"

तिने संघाचं नाव सांगितलं. तुम्ही म्हणालात, "अगं, मी शाळेत असताना तालुक्याला खेळलोय. दीड मिनिट पळालो होतो तर गावात चार दिवस सांगत फिरत होतो."

आणि मग ती बोलायला लागली. पहिली तुकडी कशी फुटली, अकरा नंबरने बाहेरून काय ओरडून सांगितलं, खांबाजवळ पाय कसा गेला, सगळं. सिन्नर येईपर्यंत बोलत होती. तुम्ही मधेमधे फक्त "मग?" म्हणत होता. चार नंबर जागी झाली, ती पण त्यात पडली. थोड्या वेळाने पुढच्या चार सीटवर हसण्याचा आवाज येत होता. मी शाल तोंडावर ओढून घेतली आणि मनसोक्त रडलो.

मोहदरीच्या घाटात तुम्ही तिचं तिकीट मागून घेतलंत, खिशातलं पेन काढलंत आणि तिकिटाच्या मागच्या बाजूला मोठ्या आकड्यात लिहिलंत, २.४०. "ठेव जपून," म्हणालात आणि नाशिकरोडला उतरणाऱ्यांना आवाज द्यायला मागे निघून गेलात.

ठक्कर बाजारला उतरलो तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजून गेले होते. मुलींना रिक्षा मिळेपर्यंत तुम्ही फाटकाशी थांबलात. मी हात जोडले, तुम्ही म्हणालात, "काका, थंडी आहे, कानाला बांधा काहीतरी." मला जे बोलायचं होतं ते तसंच राहिलं.

२०१० साली आपल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने दहा हजार मीटरमध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्य आणि नंतर ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवलं तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. अख्खं नाशिक आनंदलं होतं, आणि तो आनंद खराच होता. पण पदक आणणाऱ्या मुलीच्या आधी पदक न आणलेल्या किती मुली अशाच रात्रीच्या गाडीने, मुरगळलेला पाय घेऊन, कुणाशी न बोलता घरी गेल्या असतील हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. त्यांतल्या किती जणींनी तिथेच खेळ सोडला असेल. त्यांना कुणी "किती पळालीस?" विचारलं असतं तर, असं आता सारखं वाटत राहतं.

माणुसकी, चांगुलपणा हे शब्द मी आयुष्यभर वापरले. सत्कारात वापरले, तेराव्याच्या दिवशी बोलताना वापरले. त्याला पैसा लागतो, वेळ लागतो, पद लागतं असं कुठेतरी मनात होतं. ज्यांच्याकडे हे तिन्ही होतं त्यांनी बारा मुलींना पुण्यात सोडून दिलं. तुमच्याकडे एक सीट होती आणि एक पेन होतं. चहावाल्या मावशींकडे एक बाकडं आहे. सरांकडे पगारातून उरलेले चार पैसे होते. ह्या मुलींचा हंगाम ह्याच लोकांनी पार पाडला, आणि गेटवरच्या फ्लेक्सवर ह्यांच्यापैकी एकाचंही नाव नव्हतं. म्हणून माझ्याकडून हे पत्र.

सात नंबरचा पाय आता बरा आहे. तीन आठवडे पट्टी होती, मग हळूहळू चालायला लागली, आता पुन्हा पळते. परवा सराव संपल्यावर ती कट्ट्याजवळ पाणी प्यायला आली. मोबाईलचं कव्हर पारदर्शक आहे, त्यात तुमचं तिकीट ठेवलंय. मशीनचा छाप पार उडालाय, कुठून कुठे, किती पैसे, काही दिसत नाही. मागच्या बाजूचं पेनाने लिहिलेलं मात्र स्पष्ट वाचता येतं.

सराव सकाळी साडेसहाला सुरू होतो, गंगापूर रोडला. तुमची गाडी नाशिकला मुक्कामी असेल त्या दिवशी या. चहा मावशींकडे घेऊ, आणि ह्यावेळी तुमचं नाव मी नक्की विचारून घेईन.

तुमच्या गाडीतला,
कट्ट्यावरचा एक काका
नाशिक