नानांना फोन कर

यावल

प्रिय सुन्या,

दिवाळीपासून तुला चार ओळी नाहीत, रागावला असशील. आमची तब्येत बरी. पण नानांचं कळलं ते तुलाच लिहितोय, ते तुझंच ऐकतात.

भो, नानांना टीबी नव्हताच! बेडक्यात जंतू नव्हते, तरी एक्स-रेवरचे डाग बघून सहा महिने गोळ्या दिल्या. खरं दुखणं अस्परजिलस बुरशीची ॲलर्जी. तिचे बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचे, थेट श्वासनळ्यांत उतरतात आणि दमेकऱ्याच्या चिकट कफात वाढतात. खोकल्यातून तपकिरी गोळे पडायचे ना, ते तेच. रक्तातलं आयजीई, म्हणजे ॲलर्जीत वाढणारं प्रथिन, ५००च्या वर गेलं की डॉक्टर या बुरशीचा विचार करतात. नानांचं ३,२०० आलं. बुरशीची वेगळी तपासणीही पॉझिटिव्ह, सीटीत श्वासनळ्या रुंदावलेल्या.

बुरशीवरचं औषध इट्राकोनाझोल दिलंय, २०० मिलिग्रॅम दोनदा, चार महिने. घोळ इथेच होतो. ही कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायची, ती विरघळायला पोटात आम्ल लागतं. आणि नाना रोज सकाळी आम्ल कमी करणारी गॅसची गोळी घेतात! दुसरं, त्यांच्या दम्याच्या पंपात बुडेसोनाइड हे स्टेरॉइड आहे. इट्राकोनाझोल यकृतात त्याचं विघटन अडवतं, मग पंपातलं स्टेरॉइड अंगात साठतं, तोंड सुजतं. पंप त्यांनी स्वतःहून बंद करायचा नाही; डॉक्टरांना दाखवून बदलून घ्यायचा. टीबीच्या उरलेल्या पट्ट्या कपाटात जपून ठेवल्यात, त्या पहिल्यांदा घराबाहेर काढायला सांग. त्यातलं रिफॅम्पिसिन इट्राकोनाझोलचा असर पार घालवतं. डोळे पिवळे दिसले की लगेच दवाखाना.

दोन महिन्यांनी आयजीई पुन्हा. पाचवा हिस्सा उतरलं तरी औषध लागू पडलं समज. ते नॉर्मल होईलच असं नाही, आकड्याच्या मागे लागू नका म्हणावं.

आणि तो कडबा! खळ्यातल्या कुट्टीवरून तुम्ही दोघं भांडला होतात, तेव्हा तुझं बरोबर होतं. भिजून कुबट झालेली वैरण हलवली की बुरशीचा धुरळा उडतो. ते काम गड्याला द्यावं, नाना तिथे गेलेच तर एन-९५ मास्क. ओलसर कापूसही झोपायच्या खोलीत नको. कूलरचा वाळा उन्हाळ्याआधी नवा घालायचा, टाकी रोज रिकामी करायची.

आखाजीला पत्त्यांत तू केलेली लबाडी मी विसरलो नाही, नाना मात्र विसरलेत, म्हणून फोन तूच कर. वहिनींच्या बदलीचं काय झालं? पिंट्याची दहावी ना यंदा?

रविवारी दुपारी लाव. जेवून ओट्यावर बसतात तेव्हा ऐकतात. गॅसच्या गोळीचं आधी विचार.

तुझा,
दिग्या