दगडावर नुसता आकडा, त्यावर ऑइलपेंट

संपादक महोदय, स.न.वि.वि.

मे महिन्यात मुलीकडे फ्रान्सला गेलो होतो, तेव्हा जावयांनी नॉर्मंडीतल्या आरोमाँश नावाच्या समुद्रकाठच्या गावाला नेलं. ६ जून १९४४ ला त्या पट्ट्यात दोस्तांचं सैन्य उतरलं, आणि इंग्रजांनी तिथं चक्क बंदरच नेऊन ठेवलं, म्हणजे सिमेंटचे पोकळ ठोकळे इंग्लंडात ओतले, बोटींनी समुद्रातून ओढत आणले नि जागेवर बुडवले! काही अजून तसेच आहेत, ओहोटीला चालत पार जवळ जाता येतं, खाली सगळं शेवाळ. पण डोक्यात राहिलं ते शेजारच्या व्हेर-सुर-मेरचं स्मारक, २०२१ सालचं. दगडी खांबांवर बावीस हजारांवर नावं, मेल्याच्या तारखेवारी. एक म्हातारी एका नावावरनं नुसतं बोट फिरवत उभी होती.

आता आमचं गाव. चावडीच्या भिंतीत इंग्रजांच्या काळातली पाटी आहे, या गावातून १९१४-१९ च्या महायुद्धाला एवढे गेले, पैकी एवढे मेले. नाव एकाचंही नाही. त्यात दर १५ ऑगस्टच्या आधी भिंतीबरोबर पाटीलाही ऑइलपेंट, यंदा तर आकडा ३ आहे का ८ हेच कळंना. नखानं खरवडायला गेलो तर पोरगं म्हणतंय, आजोबा कलर जाईल!

आपल्याच जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी गावचे ४६ जण त्या युद्धात मेले हे सगळ्यांना माहितीय, तिथं मान आहे, बाकीच्या गावांचं काय? आपली माणसंपण समुद्रातूनच उतरली होती की, ६ नोव्हेंबर १९१४ ला इराकात फाओला पहिल्याच ब्रिगेडमध्ये ११७ वी मराठा पलटण होती. बसऱ्याला मोठं स्मारक बांधलं, पण त्यावर गोऱ्यांची नावं आणि आपल्या साध्या शिपायांचा पलटणीवार आकडा. तिथंही आकडाच!

नावं हरवलेली नाहीत हो. दोन्ही महायुद्धांत मेलेल्या सैनिकांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर बऱ्याच जणांचं बापाचं नाव, गाव, तालुका सगळं मिळतं. नातवाला शेजारी बसवून एका संध्याकाळी आमच्या गावचे दोघं सापडले, एकाची भावकी तर आमच्याच आळीत राहते, त्यांना पत्ताच नव्हता.

दुसरी पाटी लावा, नावांची. जुनीवरचा पेंट काढायला थिनर मी आणतो.

– एक वाचक, ता. कोरेगाव, जि. सातारा