अमेयला, खरवसाच्या भांडणानंतर

अमेय बाळा,

तुझी बस कात्रजच्या बोगद्यापुढे गेली असेल तेव्हा आम्ही घरी पोचलो. आई काही बोलली नाही. ओट्यावर खरवसाचा डबा तसाच होता.

मी ओरडायला नको होतं. पण धायरीच्या गवळ्याला पंधरा दिवस आधी सांगून ठेवलेलं, गाय व्यायली की चीक आम्हाला दे, पोरगा येतोय. आईने गूळ, वेलची, केशराच्या चार काड्या घालून कुकरला लावला आणि तू वाटी दोन बोटांनी सरकवलीस, म्हणालास बाबा, हे वासराचं आहे. खरंय तुझं. तेव्हा मात्र मी म्हणालो की सायकॉलॉजी शिकायला पाठवलंय का उपाशी राहायला. सॉरी बाळा.

तू ठेवून गेलेले प्रिंटआउट मी दोन रात्री बसून वाचले, सगळं कळलं असं नाही. २०१२चा जर्मनीचा पेपर आहे ना, शाकाहारी लोकांत मानसिक आजार जास्त दिसले पण सरासरीने आजार आधी सुरू झालेला आणि मांस नंतर सोडलेलं, तिथे तू पेन्सिलीने 'आधी काय?' लिहिलंयस. त्या दोन शब्दांवर मी अडकलोय. कारण दादाकाकाने आधी चहा सोडला, मग रात्रीचं जेवण, आणि आम्ही सगळे म्हणायचो वा, काय मनोनिग्रह आहे. तू दूध मार्चमध्ये सोडलंस. फोन कमी कधी झाले, मार्चच्या आधी की नंतर, हे मी कॅलेंडर काढून बघत बसलो होतो.

तू म्हणशील बाबा, एवढ्यावरून कोणाचं निदान करत नाहीत. मान्य. २०१८च्या फ्रान्सच्या पेपरात तर फक्त मांसच नव्हे, कुठलाही एक खाद्यगट वगळणाऱ्यांत उदासपणाची लक्षणं जास्त दिसली आहेत, आणि मांस खाणाऱ्यांचं मन जास्त बरं असतं म्हणणाऱ्या २०२०च्या त्या रिव्ह्यूला अमेरिकेतल्या बीफवाल्यांचा पैसा होता हे तूच सांगितलंस. आणि आपल्याकडे शाकाहारी व्हावं लागत नाही, माणूस त्या घरात जन्मतो, आजीला 'शाकाहारी का झालात' विचारलं तर तिला प्रश्नच कळणार नाही, म्हणून तिकडची उत्तरं इथे जशीच्या तशी चालणार नाहीत, हा तुझा मुद्दा मी लॅबमधल्या सगळ्यांना सांगितला. दोनदा सांगितला.

बी-१२बद्दल लिहिणार नाही असं आईला कबूल केलंय. पण रोज रक्ताच्या पिवळ्या टोपणाच्या ट्यूब माझ्याच हातून मशीनला लागतात रे. २००६ला पुण्याच्याच ४४१ पुरुषांचा अभ्यास छापून आला, त्यात ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी, आणि ती दूध-दही खाणारी माणसं होती. तू तर तेही बंद केलंस. हिमोग्लोबिन चांगलं आलं म्हणून सांगू नकोस, पालेभाजीतलं फोलेट भरपूर असलं की रक्त ठीक दिसतं आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. पायाला मुंग्या, विसरणं, चिडचिड, उदास वाटणं, यातलं काहीही बी-१२ कमी पडल्याने होऊ शकतं. गोळी घे, व्हेगन लोकांसाठी पण मिळते. बघ, लेक्चर सुरू झालं. सोड. म्हणजे गोळी सोडू नकोस.

लहानपणी तू शेजारच्यांची कोंबडी कापणार म्हणून जिन्यात बसून राहिला होतास, अंधार पडेपर्यंत, मी शेवटी उचलून आणलं. तेव्हापासूनचाच आहेस तू असा. आई म्हणते तेच आहे हे, दुसरं काही नाही. मला तिचं पटवून घ्यायचंय.

तुझी ती उदासपणा मोजायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली मी भरली, गेल्या दोन आठवड्यांत कसं वाटलं, शून्य ते तीन. झोपेला दोन दिले, ते तुझ्यामुळे. नवव्या प्रश्नाशी, मरून जावं किंवा स्वतःला इजा करावी असं वाटतं का, तिथे पेन थांबलं. मी शून्य लिहिलं. तू ही स्वतःसाठी भरलीस का कधी? नववा आकडा मला सांग, कितीही असला तरी मी ओरडणार नाही, रात्रीची गाडी पकडून येईन फक्त.

रविवारी फोन कर. सकाळी अकरापर्यंत लॅबमध्ये असतो पण तुझा फोन उचलेन.

बाबा

ता.क. खरवस खालच्या वॉचमनच्या पोरांना दिला. आई नारळाच्या दुधात तसंच काहीतरी करून बघतेय, पहिल्यांदा जमलं नाही, पाणी सुटलं.