स्विचच्या कॉन्फिगरेशनची प्रत संस्थेच्या ताब्यात हवी

महोदय,

पावसाळा तोंडावर आला की नगरपालिका नालेसफाई करते, वीज कंपनी तारांना लागणाऱ्या फांद्या छाटते आणि कार्यालये यूपीएसच्या बॅटऱ्या व अर्थिंग तपासून घेतात. या मान्सूनपूर्व कामांत जवळजवळ बिनखर्चाच्या एका कामाची भर घालावी, असे मला सुचवायचे आहे. पतसंस्था, महाविद्यालये, रुग्णालये आणि पालिकांच्या कार्यालयांत रॅकमध्ये बसवलेल्या नेटवर्क स्विचच्या (संगणक एकमेकांना जोडणाऱ्या उपकरणाच्या) कॉन्फिगरेशनची, म्हणजे त्यात भरलेल्या मांडणीच्या सूचनांची, ताजी प्रत काढावी आणि ती देखभाल करणाऱ्या ठेकेदाराच्या लॅपटॉपवर न राहता संस्थेच्या स्वतःच्या ताब्यात असावी.

विजेच्या लोळाने किंवा व्होल्टेजच्या चढउताराने स्विच जळाला, तर त्याच बनावटीचा दुसरा स्विच बहुधा एक-दोन दिवसांत मिळतो. मात्र तो कोरा असतो आणि त्याचे सगळे पोर्ट (केबल जोडण्याच्या जागा) मूळच्या व्हीलॅन १ मध्ये, म्हणजे एकाच आभासी जाळ्यात, असतात. लेखा विभाग, सीसीटीव्ही, बायोमेट्रिक हजेरी आणि पाहुण्यांचे वायफाय ज्या भिंतींनी वेगळे ठेवलेले होते, त्या भिंती जुन्या स्विचबरोबरच गेलेल्या असतात. कोणता पोर्ट कोणत्या विभागाचा आणि कोणत्या ट्रंकवरून (अनेक व्हीलॅन वाहणाऱ्या सामाईक जोडणीवरून) कोणते व्हीलॅन जातात, हे बसवणाऱ्या अभियंत्याच्या डोक्यात असते, आणि त्याने दरम्यान नोकरी बदललेली असते. एरवी आपल्या संस्था डेटाच्या बॅकअपबाबत दक्ष असतात. टॅलीचा बॅकअप रोज होतो, सर्व्हरचा होतो. स्विचचा मात्र कोणीच वाली नसतो. वस्तुतः त्याचे सारे कॉन्फिगरेशन म्हणजे काही किलोबाइटची साधी मजकुराची फाइल असते.

सर्वाधिक प्रचलित असलेल्या सिस्को आयओएस प्रणालीच्या स्विचमध्ये दोन कॉन्फिगरेशन असतात. एक चालू मेमरीतले रनिंग-कॉन्फिग आणि दुसरे, वीज गेली तरी टिकणारे स्टार्टअप-कॉन्फिग. कमांड लाइनवर केलेला बदल तत्काळ लागू होतो, पण तो फक्त पहिल्यात असतो. ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ किंवा ‘राइट मेमरी’ ही आज्ञा द्यायची राहिली, तर महिनोन्‌महिने सुरळीत चाललेला स्विच एखाद्या रात्री यूपीएस दगा देताच जुन्या स्थितीत उठतो आणि सकाळी कोणालाच काही उमगत नाही. म्हणून बॅकअप घेण्याआधी ही दोन्ही जुळतात का, हे पाहणे आवश्यक आहे.

दुसरी खाच अधिक फसवी आहे. व्हीटीपी सर्व्हर पद्धतीत (व्हीलॅनची यादी इतर स्विचना पुरवणाऱ्या पद्धतीत) चालणाऱ्या स्विचमधील व्हीलॅनची यादी या दोन्हींपैकी कशातच नसते. ती फ्लॅश मेमरीतल्या ‘व्हीलॅन डॉट डॅट’ नावाच्या स्वतंत्र फाइलमध्ये असते. ती फाइल न घेता काढलेला बॅकअप वाचायला पूर्ण दिसतो, परंतु नव्या स्विचवर चढवल्यावर पोर्ट ज्या व्हीलॅनमध्ये टाकलेले असतात ते व्हीलॅनच तेथे नसतात. एसएसएचच्या (दुरून सुरक्षितपणे आत शिरण्याच्या सोयीच्या) खासगी किल्ल्याही मजकुरात येत नाहीत, त्यामुळे त्या नव्याने तयार कराव्या लागतात. पडद्यावरचा मजकूर पुटी या प्रोग्रामच्या लॉगमध्ये साठवण्याची पद्धत सोपी आहे, पण आधी ‘टर्मिनल लेंथ झिरो’ दिले नाही तर दर पानागणिक ‘मोअर’ हा शब्द फाइलमध्ये घुसतो. ऐन अडचणीच्या वेळी तो वेचून काढत बसणे हा काही सुखाचा उद्योग नव्हे.

परत चढवण्याबाबतही एक गैरसमज रूढ आहे. बॅकअपची फाइल रनिंग-कॉन्फिगवर कॉपी केली की जुने पुसून नवे येते, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ती चालू कॉन्फिगरेशनमध्ये मिसळते आणि नको असलेल्या जुन्या ओळी तशाच राहतात. हुबेहूब आधीची स्थिती हवी असेल, तर ‘कॉन्फिगर रिप्लेस’ ही आज्ञा आहे. दुरून काम करताना तर अधिकच जपावे लागते. ट्रंकवर एक व्हीलॅन वाढवताना ‘अ‍ॅड’ हा शब्द विसरला, तर तो एक व्हीलॅन राहून बाकीचे सगळे बंद होतात, आणि त्यांतूनच आपण आत शिरलेलो असलो तर आपला रस्ताही तुटतो. यावर जुना इलाज असा की आधी कॉन्फिगरेशन साठवावे, ‘रीलोड इन १०’ देऊन ठेवावे, स्विच बदल साठवू का म्हणून विचारील तेव्हा नाही म्हणावे आणि काम नीट झाले की ‘रीलोड कॅन्सल’ करावे. जुनिपरच्या जुनोस प्रणालीत ‘कमिट कन्फर्म्ड’ दिल्यावर दहा मिनिटांत पुन्हा दुजोरा मिळाला नाही, तर बदल आपोआप मागे घेतला जातो, शिवाय मागील ४९ आवृत्त्यांपर्यंत परत जाता येते. ही सोय सगळ्याच कंपन्यांनी मुळापासून द्यायला हवी होती, असे माझे मत आहे.

वीस-पंचवीस स्विच असतील तर हाताने प्रती काढण्याचा नेम फार दिवस टिकत नाही. ऑक्सिडाइज्ड आणि रॅन्सिड ही मोफत साधने रोज रात्री प्रत्येक स्विचमध्ये एसएसएचने शिरतात, कॉन्फिगरेशन उतरवून घेतात आणि बदल आढळल्यास तो गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रणालीत) नोंदवतात. त्यासाठी एखादा जुना डेस्कटॉप पुरतो. पूर्ण प्रतीइतकेच, किंबहुना अधिक, मोल या फरकाचे आहे, कारण परवापर्यंत चालणारा प्रिंटर आज का चालत नाही, याचे उत्तर पुष्कळदा त्यातल्या एका ओळीत सापडते.

मात्र या फाइली जपून ठेवण्याच्या आहेत. आजही अनेक ठिकाणी प्रती टीएफटीपी या फाइल पाठवण्याच्या जुन्या पद्धतीने घेतल्या जातात. त्यात ना पासवर्ड, ना सांकेतिकीकरण. एससीपी ही सुरक्षित पद्धत उपलब्ध असताना ती वापरण्याचे कारण नाही. सिस्कोच्या टाइप ७ पद्धतीने झाकलेले पासवर्ड क्षणात उलगडतात आणि उपकरणांवर दुरून नजर ठेवणाऱ्या एसएनएमपीचे कम्युनिटी शब्द (म्हणजे त्याचे पासवर्डच) तर बहुधा उघडेच असतात. अशा फाइली व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात टाकण्याची जी सवय आपल्याकडे पडली आहे, ती मोडायला हवी.

ही भीती काल्पनिक नाही. सिस्कोच्या स्मार्ट इन्स्टॉल या सुविधेला ओळख पटवण्याची गरजच नसे आणि अनेक स्विचवर ती कारखान्यातूनच चालू येई. एप्रिल २०१८ मध्ये हल्लेखोरांनी तिचा गैरफायदा घेऊन स्विचचे कॉन्फिगरेशन पुसले आणि त्या जागी अमेरिकेचा ध्वज व इशारा ठेवला. इराणच्या दूरसंचार मंत्रालयाने तेव्हा दिलेला आकडा जगभरात सुमारे २ लाख आणि इराणमध्ये साडेतीन हजार उपकरणांचा होता. त्याच सुविधेतील २०१८ साली उघड झालेल्या त्रुटीचा वापर करून रशियन गुप्तचर यंत्रणेशी संबंधित गट कॉन्फिगरेशनच्या फाइली गोळा करत असल्याचा इशारा अमेरिकेच्या एफबीआयने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. म्हणजे सात वर्षांनंतरही ते स्विच दुरुस्त झाले नव्हते. ज्यांच्याकडे असे जुने स्विच असतील, त्यांनी ‘नो व्हीस्टॅक’ ही आज्ञा देऊन ही सुविधा बंद करावी.

आपल्याकडे सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवणे आणि नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक आहे. पण घटनेपूर्वी स्विचची स्थिती काय होती, हेच दाखवता येत नसेल, तर त्या नोंदींचा अर्थ लावणार तरी कसा?

अडचण तांत्रिक कमी आणि कराराची जास्त आहे. वार्षिक देखभालीच्या निविदांत स्विचची संख्या, भेटींची वारंवारता आणि दुरुस्तीचा अवधी लिहिलेला असतो. कॉन्फिगरेशन कोणाचे, याबद्दल अवाक्षर नसते. परिणामी ठेकेदार बदलला की स्विचमध्ये बदल करण्यासाठी लागणारा एनेबल पासवर्डसुद्धा मागून घ्यावा लागतो. यंदाचे करार एप्रिलपासून सुरू झाले असले, तरी पूरक पत्राने तीन अटी घालता येतील: प्रत्येक बदलानंतर कॉन्फिगरेशन व व्हीलॅनची फाइल संस्थेच्या सर्व्हरवर जमा व्हावी, सर्व पासवर्ड मोहोरबंद पाकिटात कार्यालय प्रमुखांकडे असावेत आणि सहा महिन्यांतून एकदा एखाद्या सुटीच्या दिवशी राखीव स्विचवर बॅकअप चढवून तो खरोखर चालतो का, हे संस्थेच्या कर्मचाऱ्यासमोर दाखवावे. तिसरी अट पूर्ण केल्याशिवाय त्या सहामाहीचे देयक मंजूर करू नये.

– एक नेटवर्क अभियंता, सोलापूर