इंग्रजी ऐकायला शिकवताना बोलण्याची घडण शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते 2000 साली. तेव्हापासून शिकत आलेली मुले आता पदव्या घेऊन नोकरीधंद्याला लागली आहेत. त्यांतल्या अनेकांना इंग्रजी वाचता येते, अर्ज लिहिता येतो. पण फोनवर समोरचा माणूस इंग्रजीत बोलू लागला की ‘सर, काय बोलतात तेच कळत नाही,’ अशी त्यांची तक्रार असते. खानदेशातल्या माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवणारा शिक्षक म्हणून ही तक्रार मी सतत ऐकतो, आणि तिचे मूळ आपल्या श्रवणाच्या तासात आहे अशी माझी खात्री झाली आहे.

श्रवणाचा तास म्हणजे बहुतेक ठिकाणी शिक्षकाने उतारा सावकाश वाचायचा आणि मुलांनी गाळलेल्या जागा भरायच्या. यात शब्द टिपण्याचा सराव होतो, बोलणे समजून घेण्याचा होत नाही. प्रत्यक्षात इंग्रजी बोलणारा माणूस ‘व्हॉट आर यू गोइंग टू डू’ हे सहा शब्द सुटे सुटे उच्चारत नाही. कानावर पडते ते ‘व्हॉच्या गना डू’ असे काहीतरी. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांनाही प्रत्येक शब्द ऐकू येतो असे नाही. कोण कोणाशी, कशासाठी बोलत आहे आणि आता पुढे काय येणार, याचा अंदाज ते सतत बांधत असतात व त्या आधारावर अर्धवट ऐकलेले पुरे करतात. बोलण्याची ही घडण तपासणारे शास्त्र म्हणजे डिस्कोर्स अ‍ॅनालिसिस, अर्थात संभाषिताचे विश्लेषण. विद्यापीठात एम.ए.च्या वर्गात ते शिकवले जाते. त्याची खरी गरज मात्र आठवी-नववीच्या वर्गात आहे.

एक उदाहरण देतो. ध्वनिफितीत एक जण विचारतो, ‘कॅन यू कम टुमॉरो?’ दुसरा क्षणभर थांबतो आणि म्हणतो, ‘वेल... टुमॉरो... आय हॅव टू टेक माय मदर टू द डॉक्टर.’ तो उद्या येणार का, असे विचारले तर वर्गातली निम्मी मुले ‘हो’ म्हणतात, कारण ‘नो’ हा शब्द त्यांनी कुठेच ऐकलेला नसतो. होकार चटकन येतो. नकार देताना माणूस रेंगाळतो, ‘वेल’ म्हणतो, मग कारण सांगतो, आणि बहुतेक वेळा ‘नाही’ उच्चारतच नाही, हे संभाषणाच्या अभ्यासकांनी फार बारकाईने दाखवून दिले आहे. आणि ही गोष्ट आपल्या मुलांना शिकवावी तरी कशाला लागते? ‘सकाय येशी का?’ या प्रश्नाला ‘सकाय ते... वावरमा जानं शे’ (उद्या तर... शेतात जायचे आहे) असे उत्तर मिळाले, तर अहिराणी बोलणारे पाचवीतले पोरही तो नकार आहे हे क्षणात ओळखते. घरच्या बोलीतली ही जाण इंग्रजीच्या तासाला कामी लावायची, एवढेच शिक्षकाला करायचे आहे. नंदुरबारच्या ज्या शाळांत मुलांची घरची भाषा भिली किंवा पावरी आहे आणि मराठीसुद्धा शाळेतच शिकावी लागते, तिथे तर हे भांडवल वाया घालवणे मुळीच परवडणारे नाही.

दुसरी अडचण आपल्या वर्गातल्या बोलण्याचीच आहे. बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या सिंक्लेअर आणि कूल्टहार्ड या भाषाभ्यासकांनी 1975 साली वर्गातल्या संवादाचा साचा मांडला: शिक्षक विचारतो, विद्यार्थी उत्तर देतो, शिक्षक त्यावर शेरा देतो. आपल्या मुलांच्या कानावर पडणारे इंग्रजी बहुतांशी याच साच्यातले असते. बाहेरच्या बोलण्यात प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक नसते, दोघे एकदम बोलतात, विषय मध्येच वळतो, आणि ‘व्हेरी गुड’ म्हणायला कोणी नसते. तिथे मूल गोंधळले तर नवल नाही.

लांबलचक भाषण ऐकताना आणखी एक गोष्ट उपयोगी पडते. 1986 साली शॉड्रॉन आणि रिचर्ड्स या संशोधकांनी एकाच व्याख्यानाच्या चार आवृत्त्या परदेशी विद्यार्थ्यांना ऐकवल्या. ‘वेल’, ‘सो’, ‘नाऊ’ अशा लहान खुणा पेरल्याने त्यांच्या आकलनात विशेष फरक पडला नाही. ‘आज मी अमुक सांगणार आहे’, ‘आता दुसऱ्या मुद्द्याकडे वळू’ अशी पूर्ण वाक्यातली वळणे मात्र उपयोगी ठरली. म्हणून वेल आणि सो यांच्या याद्या पाठ करून घेण्याला माझा विरोध आहे. भुसावळ जंक्शनवर उभ्या असलेल्या मुलाला इंग्रजी घोषणेतला फलाट क्रमांक बरोबर कळतो, कारण आधी गाडीचा क्रमांक, मग तिचे नाव व कुठून कुठे ते, आणि शेवटी फलाट, हा क्रम त्याने मराठी व हिंदी घोषणांतून कितीदा तरी ऐकलेला असतो. प्रत्येक प्रकारच्या बोलण्याला असा क्रम असतो, बातम्यांना निराळा, फोनवरच्या चौकशीला निराळा, आणि तो शिकवता येतो.

यासाठी भाषा-प्रयोगशाळा लागत नाही. मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचे खरे बोलणे आणि त्याची शब्दशः उतरवलेली प्रत पुरे. ऐकवण्याआधी बोलणारे कोण व प्रसंग कोणता ते सांगावे; मध्येच थांबवून पुढे काय येईल ते मुलांना विचारावे; दुसऱ्यांदा ऐकताना विषय कुठे वळला, नकार कसा आला हे शोधायला लावावे; प्रत हातात द्यावी ती अगदी शेवटी. अर्थात ज्याचा शब्दसंग्रह फारच तोकडा आहे आणि ज्याला इंग्रजी ध्वनींतला फरकच कळत नाही, त्याला केवळ घडण ओळखून भागणार नाही. ते काम सोबत चालूच ठेवावे लागेल.

अडचण येते ती सामग्रीची. पाठ्यपुस्तकातले संवाद लिहून मग वाचलेले असतात, त्यांत कोणी अडखळत नाही की कोणी कोणाला तोडत नाही. एक मिनिटाचे खरे बोलणे थांब्यांसह, अडखळण्यासह उतरवायला पाऊण-एक तास सहज जातो, आणि इतर कामांच्या रगाड्यात एकट्या शिक्षकाला ते जमणे कठीण आहे. म्हणून जळगाव, धुळे व नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांच्या शिक्षण व प्रशिक्षण संस्थांनी अशा ध्वनिमुद्रणांचा आणि प्रतींचा एक सामाईक साठा करावा, व प्रती उतरवण्याचे काम कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने इंग्रजीच्या एम.ए.च्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून द्यावे, अशी माझी विनंती आहे. सुरुवात केळी निर्यातदारांच्या फोनवरील बोलण्यापासून आणि बँकेतल्या चौकशीपासून करता येईल, कारण हेच इंग्रजी आपल्या मुलांच्या वाट्याला सर्वांत आधी येते. मात्र ज्यांचे बोलणे मुद्रित करायचे त्यांची परवानगी आधी घेतलेली असावी.

आपला,
एक इंग्रजी शिक्षक,
अमळनेर, जि. जळगाव