वेलांटी आधी की नंतर?

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझ्या ॲपच्या चाचणीबद्दल फोनवर तू वैतागून म्हणालीस, "आई, लोकांना समोरचं साधं बटण दिसत नाही गं!" कुकरची तिसरी शिट्टी होत होती म्हणून मी तेव्हा काही बोलले नाही. पण ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

डिझाइन शिकायला गेलीस, त्या पहिल्या सत्रात तूच मला बी-१७ विमानांची गोष्ट सांगितली होतीस. महायुद्धात जमिनीवर नीट उतरलेल्या विमानाचे वैमानिक पंखांचे फ्लॅप मिटायच्या ऐवजी चाकंच आत ओढून घ्यायचे आणि विमान पोटावर बसायचं. दोन्ही खटके शेजारी शेजारी, हाताला सारखेच. मग चापानिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने चाकांच्या खटक्यावर छोटं रबरी चाक बसवलं आणि फ्लॅपच्या खटक्यावर पाचरीसारखा तुकडा. वैमानिकांना कुणी नवं शिकवलं नाही, खटका बदलला. मी ही गोष्ट शेजारच्या काकूंनाही सांगून आले होते.

माझं विमानही एकदा असंच पोटावर बसलं होतं, ते तुला कधी सांगितलं नाही.

मराठी टायपिंगची ४० शब्दांची परीक्षा मी लग्नाआधीच पास झाले होते. टाइपरायटरवर जसं कागदावर दिसतं तसं उमटवायचं. 'कि' हवा तर आधी वेलांटी, मग क. ख, भ, श यांची अर्धी अक्षरं आधी, मग काना ठोकला की अक्षर पुरं. इतकी वर्षं तेच केल्यावर ते डोक्यात राहत नाही, बोटांत उतरतं. मग कचेरीत कॉम्प्युटर आले आणि इन्स्क्रिप्ट ही कीबोर्डची नवी मांडणी आली. डाव्या हाताला स्वर-मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं आणि क्रम उच्चाराचा: आधी क, वेलांटी नंतर. मांडणी विचारपूर्वक केलेली आहे, हे मला आता पटतं. तेव्हा मात्र माझं बोट आधी वेलांटीवरच जायचं आणि पडद्यावर ते टिंबाटिंबांचं वर्तुळ उमटायचं. त्यात सरकारी पत्राची सुरुवातच प्रति, दिनांक, विषय! तिन्हींत वेलांटी.

साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "बाईंना हे जमायचं नाही." मलाही तसंच वाटलं. जेवणाच्या सुट्टीत दार लोटून मी 'दिनांक, दिनांक' गिरवत बसायचे. मला येत नव्हतं असं नाही गं, उलट फार पक्कं येत होतं. क्रम उलटा झालाय एवढं एक वाक्य कुणी सांगितलं असतं तर माझा महिना वाचला असता.

म्हणून तुमच्याच आयडीसीत, म्हणजे पवईच्या आयआयटीच्या डिझाइन विभागात, तयार झालेला स्वरचक्र हा मोबाइलचा कीबोर्ड तू मला टाकून दिलास, तेव्हा मला गंमत वाटली. क वर बोट ठेवलं की भोवती का, कि, की, कु. बाराखडीच ती! आधी-नंतरचा प्रश्नच मिटला. ज्यांनी ते केलं त्यांनी पहिलीच्या वर्गातली पाटी आठवली असणार. (माझं बोट अजूनही कधी कधी घसरून 'कि'चा 'की' होतो, तेवढं तुझ्या सरांना सांग.)

तर त्या बटणाचं. ज्यांना ते दिसलं नाही, त्यांची बोटं त्या वेळी कुठे गेली, ते लिहून ठेवलंस का? तिथे बटण असेल असं त्यांना वाटलं असणार. आणि त्यांच्या शेजारी बसशील तेव्हा "इथे दाबा, इथे" करू नकोस. तुला ती खोड आहे, वडिलांची आहे.

गणपतीला येशील तेव्हा तुझं ते ॲप घेऊन ये. आधी आजीला दे, मग मला. आम्ही चुकलो तरी मधे बोलायचं नाही, मोदक वळत बस हवं तर.

पवईत पाऊस फार आहे म्हणतात. छत्री हॉस्टेलवर ठेवून फिरू नकोस.

तुझी,
आई